नकार ऐकण्याचा प्रश्न

दलित साहित्याच्या चर्चेत 'नकार' हा शब्द आपण गेली पन्नास वर्षे वापरीत आलो आहोत. वर्णव्यवस्थेला नकार, कर्मविपाकाला नकार, लादलेल्या कामाला आणि लादलेल्या नावाला नकार. ज्याला नाही म्हणता येते तो माणूस, आणि ज्याचे 'नाही' कोणी मोजतच नाही तो गुलाम, ही समज चळवळीने आपल्याला दिली. परंतु हाच शब्द एखादी बाई एखाद्या पुरुषाला उद्देशून उच्चारते तेव्हा त्याचे काय होते, याचा विचार आपण त्याच तीव्रतेने केला आहे काय? थट्टामस्करी कोठे संपते आणि आक्रमण कोठे सुरू होते, हा प्रश्न आपल्याकडे एक तर तरुण पोरांचा वाह्यातपणा म्हणून हसण्यावारी नेला जातो, नाही तर घरच्या अब्रूचा म्हणून दडपला जातो. माझ्या मते तो आपल्या सामाजिक इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याला जात आहे.

प्रथम शब्दच पाहू. स्त्री-पुरुषांच्या या व्यवहारासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. थट्टा, मस्करी, सलगी, लाडीगोडी, नेत्रपल्लवी हे एका बाजूचे शब्द. छेड, लगट, चाळे, अंगचटीला जाणे हे दुसऱ्या बाजूचे. पहिल्या गटातील शब्दांना दोन माणसे लागतात. दुसऱ्या गटात कर्ता एकच असतो, समोरचे माणूस केवळ सोसणारे. म्हणजे भाषेला फरक कळतो. तो कळेनासा होतो भाषा बोलणाऱ्याला, आणि तोही प्रत्येक वेळी नव्हे. मामलेदाराच्या मुलीशी बोलताना ज्याला सलगी आणि लगट यांतील अंतर नेमके ठाऊक असते, तोच माणूस शेतावर खुरपणीला आलेल्या बाईशी बोलताना ते अंतर विसरतो. ही विसर पडण्याची सोय त्याला समाजाने करून दिलेली आहे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९०९ साली या विषयावर एक निबंध लिहिला. त्याच्या प्रतिपादनाचा गाभा असा, की या खेळात होकार आणि नकार दोन्ही एकाच वेळी तरंगत असतात, आणि खेळाची गोडी त्या अनिश्चिततेत असते. हे खरे धरले तर पुढची पायरी आपोआप येते. होकार-नकार दोन्ही शिल्लक राहायचे तर दोघांनाही कोणत्याही क्षणी मागे फिरता आले पाहिजे. मागे फिरल्यावर मजुरी बुडणार नाही, परीक्षेतले गुण कमी होणार नाहीत, रात्री झोपडीवर दगड येणार नाहीत, एवढी खात्री असली पाहिजे. ज्या दोघांपैकी एकालाच माघार घेता येते, त्यांच्यात थट्टा चाललेली नसते. एक जण खेळत असतो आणि दुसरे निभावून नेत असते. ही कसोटी हातात घेऊन आपल्या इतिहासाकडे पाहिले, की बरेच काही उघडे पडते.

मी रत्नागिरीत शिकवतो. या भागात नमन-खेळ्यांची परंपरा जुनी आहे, आणि नमनात, तमाशात गणानंतर गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या, आणि वाट सोडण्यासाठी मागितलेले 'दान'. हे दान म्हणजे रस्त्यावरची जकात. जुन्या मराठीत मांडवी या शब्दाचाही अर्थ जकात घेण्याचे ठाणे असाच आहे, आणि आमच्या गावच्या किनाऱ्याला तेच नाव आहे. गवळणीतला विनोद, मावशीची फटकळ जीभ, ढोलकीची लय यांत लोककलेचा मोठा ऐवज आहे, आणि तो नाकारण्याचे मला कारण नाही. परंतु त्यातली रचना पाहा. गवळण नाही म्हणते, आणि ते 'नाही' कोणालाच खरे वाटत नाही, कारण खेळ पुढे जायला ते 'नाही' हवेच असते. शिवाय पिढ्यानुपिढ्या गवळणीचे काम पुरुषच करीत आले. म्हणजे बाईच्या नकाराचे सोंगही पुरुषाने घेतले आणि त्या सोंगावर टाळीही पुरुषांनीच दिली. नकार हा होकाराचा पहिला टप्पा आहे, हा धडा लोकांनी देवाच्या नावाने, हसत-खेळत गिरवला. पुढे चित्रपटाने तोच धडा रंगीत पडद्यावर दिला. मुलगी रागावते, नायक पाठलाग करतो, तिसऱ्या गाण्याला ती हसते.

पण हा धडा सर्व बायांना सारखा लागू नव्हता. येथे जातिव्यवस्था आपले काम करते. घरंदाज म्हटल्या जाणाऱ्या बाईचा शृंगार चार भिंतींत बंद करायचा आणि चव्हाट्यावरच्या शृंगाराचे काम काही जातींच्या बायांना नेमून द्यायचे, अशी ही वाटणी होती. पेशवाईत बदकर्माचा आरोप ठेवून बायांना सरकारी कुणबिणी म्हणजे गुलाम केले जाई आणि त्यांची खरेदी-विक्री होई, हे त्या काळच्या कागदपत्रांत नोंदलेले आहे. याच काळात लावणी बहरली. पुढे तमाशाच्या बोर्डावर कोल्हाटी, महार, मांग या जातींतील बाया उभ्या राहिल्या. खंडोबाला मुरळी आणि यल्लम्माला जोगतीण सोडण्याची प्रथा याच वस्त्यांत रुजवली गेली. एका बाईने हसायचे नाही हा तिचा धर्म ठरला, आणि दुसरीने हसलेच पाहिजे हा तिचा धंदा ठरला. मग धंदा म्हणून हसणारीचे हसू खरे मानून पुरुष पुढे सरकला तर दोष कोणाचा? व्यवस्थेचे उत्तर तयार होते : तिचाच.

या उत्तराला पहिला संघटित नकार आपल्याच माणसांनी दिला, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे पत्र सुरू केले आणि त्यातून मुरळीच्या प्रथेवर हल्ला चढवला. शिवूबाई या एका मुरळीचे पत्र १९०९ साली त्यांनी छापले, आणि पुढे चळवळीतल्याच एका कार्यकर्त्याने तिच्याशी लग्न केले. ज्या बाईला समाजाने कोणालाही नाही म्हणण्याचा अधिकार दिला नव्हता, ती छापील अक्षरांत बोलली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी बायांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची खूण झालेले चांदीचे जड दागिने टाका, असे सांगितले. काही अभ्यासक यात वरच्या वर्गाचे अनुकरण पाहतात. मला त्यात वेगळेही काही दिसते. अंगावरचा वेष पाहून 'ही बाई उपलब्ध आहे' असे ठरवण्याचा जो परवाना गावाने घेतला होता, तो परवाना फाडण्याचा हा मार्ग होता. १९३६ साली मुंबईत देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर त्यांनी हे जिणे सोडण्याचे कठोर आवाहन केले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत ते पत्नीच्या नात्याविषयी बोलले : तिने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, समान व्हावे, आणि त्याची गुलाम होण्यास नकार द्यावा. परक्या पुरुषाला नकार आणि घरच्या गुलामीला नकार, दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच माणूसपणात बसवल्या.

आता कायद्याकडे वळू. 'संमती' हा शब्द मराठी सार्वजनिक जीवनात गाजला तो वयाच्या वादातून. रखमाबाईने लहानपणी लावलेल्या लग्नाचा नवरा नाकारला. १८८४ साली त्याने दावा लावला. १८८५ साली पहिल्या न्यायाधीशाने तिच्या बाजूने निकाल दिला. तो फिरला आणि १८८७ साली तिला नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असे सांगण्यात आले. तिने तुरुंग पसंत केला, आणि १८८८ साली तडजोड होऊन प्रकरण मिटले. सुतार जातीच्या या बाईवर 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. पुढे १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि वय दहावरून बारा झाले. वाद वयाचा झाला. त्या मुलीला मन आहे की नाही, हा प्रश्न बाजूला राहिला. दंड संहितेच्या ३५४ कलमाला मराठीत आपण 'विनयभंग' म्हणू लागलो. शब्द नीट ऐका. भंग होतो तो विनयाचा, इच्छेचा नव्हे. मग ज्या बाईला विनय असतो असे समाज मानतच नाही, तिचे काय मोडले?

या प्रश्नाचे उत्तर मथुरा खटल्यात मिळाले. मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजचे पोलीस ठाणे. चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी, अनाथ, मोलमजुरी करणारी मुलगी. तिचे एका तरुणावर प्रेम होते आणि त्याच्याशी लग्न करायचे ठरले होते. भावाने तिला पळवून नेल्याची तक्रार केली, म्हणून सर्वांना रात्री ठाण्यावर बोलावण्यात आले. जबाब झाल्यावर इतरांना बाहेर जायला सांगितले आणि तिला ठेवून घेतले. दोन पोलिसांवर खटला चालला. १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने त्यांना सोडले. मुलगी खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधाची सवय आहे, असे निकालाने म्हटले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना शिक्षा दिली आणि स्पष्ट केले, की भीतीने हतबल होऊन शरीर सोपवणे म्हणजे इच्छा नव्हे. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, ओरडा नाही, तेव्हा विरोध झाला नसावा, सारे शांतपणे घडले असावे, असा तो तर्क होता.

या खटल्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. मुलीने आपल्या इच्छेने एका तरुणावर प्रेम केले, ही गोष्ट ठाण्यात तक्रार ठरली. तीच गोष्ट न्यायालयात तिच्याविरुद्धचा पुरावा ठरली. एकाला होकार दिला, त्या अर्थी कोणालाही नकार देण्याचा हक्क संपला, असे हे गणित आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे या दोहोंतला फरक न्यायालयाने पुसला, हा त्यातला मुख्य आक्षेप. ८ मार्च १९८० रोजी बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला आणि कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात बाई 'संमती नव्हती' म्हणाली तर न्यायालयाने ते गृहीत धरावे अशी तरतूद आली. बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून साक्ष मोडण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातील कलम २००२ च्या दुरुस्तीने गेले. २०१३ च्या दुरुस्तीत संमतीची व्याख्या आली : शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य रीतीने निःसंदिग्धपणे दिलेली ऐच्छिक तयारी. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हेही लिहिले गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ६३ व्या कलमात हीच व्याख्या कायम आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने दलित-आदिवासी बाईला तिच्या संमतीशिवाय केलेला लैंगिक स्पर्श, शब्द, हावभाव यांसाठी स्वतंत्र तरतूद आली. देसाईगंजच्या मुलीचे जे 'नाही' कोणी ऐकले नाही, ते कायद्याच्या पुस्तकात यायला चाळीस वर्षे लागली.

पुस्तकात आले म्हणजे डोक्यात आले असे नव्हे. राजस्थानातील भंवरीदेवीच्या खटल्यात १९९५ साली सत्र न्यायालयाने वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावणार नाहीत असा तर्क लढवला. त्याच प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १९९७ साली विशाखा निकाल आला. दुसरीकडे २०१४ साली, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे, सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारून टाकण्यात आले. मराठा मुलीशी बोलतो, हा त्याच्यावरचा आक्षेप होता. २०१७ साली सत्र न्यायालयात सारे आरोपी सुटले. हे दोन प्रसंग शेजारी ठेवा. दलित बाईवरचे आक्रमण थट्टा किंवा अशक्य गोष्ट मानले जाते, आणि दलित मुलाचे साधे बोलणे आक्रमण मानले जाते. कृती काय घडली हे पाहायच्या आधी व्यवस्था जात पाहते. जात टिकते ती लग्नाच्या कुंपणाने, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच सांगितले होते. त्या कुंपणाच्या राखणदाराला मुलीची इच्छा नको असते, तिचा होकारही नको आणि नकारही नको.

मानसशास्त्र याबाबत काय सांगते? अमेरिकेतील संशोधिका अँटोनिया ॲबी हिने १९८२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकमेकांना अनोळखी तरुण-तरुणीने पाच मिनिटे बोलायचे आणि दुसऱ्या एका जोडीने ते लपून पाहायचे. मुलीच्या साध्या मोकळेपणात पुरुषांना, बोलणाऱ्याला आणि पाहणाऱ्यालाही, लैंगिक ओढ अधिक दिसली. स्त्रियांना तितकी दिसली नाही. म्हणजे गैरसमज होतो, हे खरे. पण तेवढ्यावर थांबले तर प्रत्येक आक्रमकाला एक सबब मिळते. १९९९ साली इंग्लंडमधील सेलिया किटझिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी या सबबीलाच हात घातला. रोजच्या जगण्यात माणसे सहसा थेट 'नाही' म्हणतच नाहीत. जेवायला बोलावले तर आपण 'बघू', 'आज जरा उशीर झाला', 'घरी विचारून सांगते' असे म्हणतो, थोडे थांबतो, मान खाली घालतो, आणि बोलावणाऱ्याला ते नीट कळते. मग तेच संकेत मुलीने दिल्यावर कळत नाहीत असे कसे? येथे समज कमी पडत नाही, समजून घेण्याची गरज वाटत नाही. २०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका निकालात दुबळा नकार कधी होकारही असू शकतो असा विचार मांडला गेला, तेव्हा याच न-कळण्याला विद्वत्तेची झूल चढली.

मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकणारी बाई गिऱ्हाइकाशी चढ्या आवाजात बोलते, टोमणा मारते, हसते. ते तिच्या धंद्याचे बोलणे आहे. भाव पाडू न देण्याची ती रीत आहे. त्या हसण्याचा वेगळा अर्थ काढणारा माणूस शहाण्यासुरत्या कपड्यांतला असतो, आणि बँकेच्या काउंटरवरची बाई हसली तर तो तसा अर्थ काढीत नाही. गैरसमजालाही वर्ग आणि जात कळते.

आता शिक्षक म्हणून मला जे रोज दिसते त्याविषयी. संध्याकाळी मांडवीच्या काळ्या वाळूवर आणि धक्क्यावर मुले-मुली फिरतात. मुलींना कोणी त्रास दिल्याची कुजबूज झाली, की उपाय ठरलेला असतो : मुलींनी मांडवीला जाऊ नये, मुलामुलींनी एकत्र बसू नये. बंदी ज्याने वाट अडवली त्याच्यावर नसते. जिची वाट अडली तिच्यावर असते. शिवाय या बंदीने दुसरेही काम साधते. मुलगी कोणत्या आडनावाच्या मुलाशी बोलते यावर नजर ठेवता येते. छेडछाड थांबवण्याच्या नावाखाली जातीची राखण होते. ज्यांच्या घरात पहिल्यांदा कोणी महाविद्यालयाची पायरी चढले, त्या मुलींचे शिक्षण तर अशा एका कुजबुजीने कायमचे थांबते. म्हणून आक्रमण रोखायचे आहे असे म्हणताना आपण मोकळ्या बोलण्याच्या बाजूने आहोत, हे आधी ठरवले पाहिजे. ज्या मुलाने कधी मुलीशी बरोबरीने गप्पा मारल्या नाहीत, तिचे मत खोडले नाही, तिच्याकडून खोडून घेतले नाही, त्याला तिचे 'बघू' कसे उमगणार? अबोला हे अडाणीपणाचे कारखाने चालवतो.

रोखण्याचे काम कसे होते याचे धडे आपल्याकडे आहेत. मुंबईत १९९३ साली पुरुषांनीच 'मावा' ही स्त्रियांवरील हिंसेविरुद्धची संघटना उभी केली. चेंबूरच्या वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या 'कोरो' या संस्थेने वस्तीतल्या तरुणांना घेऊन 'यारी दोस्ती' हा उपक्रम चालवला, आणि पुढे मुंबईच्या पालिका शाळांतील मुलामुलींसाठी झालेल्या कामात ती सहभागी झाली. या कामांची दिशा मला महत्त्वाची वाटते. तेथे मुलगा एकटा गुन्हेगार म्हणून समोर बसवलेला नसतो. त्याचे टोळके समोर असते. कारण शेरा मारणारा बहुधा मुलीसाठी मारीत नाही, मित्रांच्या हसण्यासाठी मारतो. पेंद्या हसला नाही तर वाट अडवण्यात अर्धी मजा उरत नाही. चौघांतला एक जण 'चल, सोड' म्हणाला तरी प्रसंग तेथेच मिटतो, आणि हे म्हणण्याचे धैर्य शिकवता येते. तरुणांना एक साधा नियमही शिकवता येतो : शंका आली की थांबायचे. थांबल्याने प्रेम जात नाही. तिला हवे असेल तर ती पुढचे पाऊल स्वतः टाकील, आणि ते पाहण्यात जो आनंद आहे तो हिसकावून घेतलेल्या कशात नाही.

वरच्या जागी बसलेल्यांसाठी नियम अधिक कडक हवा. प्राध्यापकाने विद्यार्थिनीशी, मुकादमाने मजूर बाईशी, नेत्याने कार्यकर्तीशी लाडीगोडी करू नये, कारण समोरच्या व्यक्तीला तेथे माघार घेता येत नाही. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. आपल्या संघटना, वसतिगृहे, शिबिरे, नियतकालिके यांना हा विचार लागू नाही काय? चळवळीत एखादी मुलगी तक्रार करते तेव्हा 'बाहेर कळले तर समाजाची बदनामी होईल', 'शत्रूच्या हाती कोलीत देऊ नको' असे तिला सांगितले जाते. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. गावातल्या पाटलानेही गावची अब्रू म्हणूनच आपल्या बायांना गप्प केले होते. आपल्या मुलावर जातीमुळे खोटा आळ येतो तेव्हा आपण त्याच्या पाठीशी उभे राहू, राहिलेच पाहिजे. पण तेवढ्याच ताकदीने आपल्या मुलीचे म्हणणे ऐकू, तेव्हाच आपल्या उभे राहण्याला किंमत येईल.

नकार देणारा समाज म्हणून आपण इतिहासात उभे राहिलो. पाण्यासाठी, देवळासाठी, धर्मासाठी नाही म्हणालो, आणि आमचे 'नाही' ऐका असे साऱ्या देशाला बजावले. ऐकून घेण्याची पाळी आता आपल्यावरही आहे. विद्यार्थ्यांच्या पुढच्या शिबिरात या विषयाला एक सत्र द्यावे, ते मुलामुलींनी एकत्र बसून चालवावे, आणि पहिला बोलण्याचा हक्क मुलींना द्यावा, एवढी माझी मागणी आहे.